जुनं ड्रॅग रेसिंग: आजच्या गाड्या इतक्या वेगवान असूनही लोक त्या जुन्या गाड्यांसाठी का हळहळतात?

निखळ

गेले दोन आठवडे रात्री झोपायच्या आधी माझं एकच चाललंय, १९६० ते ७५ च्या दरम्यानचे अमेरिकेतल्या ड्रॅग रेसिंगचे (दोन गाड्यांची सरळ रेषेतली छोटी शर्यत) जुने व्हिडिओ बघत बसायचं. झालं असं की मी आत्ताच्या टॉप फ्युएल, म्हणजे सगळ्यात वेगवान वर्गातल्या, रेस बघत होतो, चार सेकंदांच्या आत खेळ खलास आणि वेग ताशी ३३० मैलांच्या वर, आणि तेवढ्यात खाली एक जुनी कृष्णधवल क्लिप दिसली म्हणून सहज उघडली. लांबलचक काटकुळी गाडी, पुढे सायकलसारखी बारीक चाकं, मध्ये उघडं इंजिन, आणि ड्रायव्हर पार शेवटी, मागच्या चाकांच्याही मागे बसलेला. झेंडेवाला उडी मारतो, झेंडा फिरतो आणि मग गाडी दिसतच नाही, नुसता पांढराशुभ्र धूर, आणि तो फक्त सुटताना नाही तर अख्खा पाव मैल!! तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये.

तर विचारायचं असं की हा धूर शेवटपर्यंत का निघायचा, आता तर निघत नाही. आणि माणसाला इंजिनाच्या मागे असं कोंबून बसवायची कल्पना कोणाची, कारण मला तर बघूनच धडधडतं. मग १९७१-७२ नंतरच्या क्लिप बघितल्या तर सगळ्यांची इंजिनं एकदम मागे गेलेली दिसतात, एवढ्या झटपट सगळे कसे काय बदलले?

आणि शेवटचं म्हणजे प्रत्येक व्हिडिओखाली लोक लिहितात की खरं रेसिंग हेच होतं. ही नुसती जुन्याची ओढ आहे की त्यात काही तथ्य आहे? जाणकारांनी सविस्तर लिहावं, घाई नाही.

---

पाना_पक्कड

झकास विषय काढलास. आधी एक दुरुस्ती करतो म्हणजे तुलना नीट होईल. आज तू जे चार सेकंदांच्या आतले आकडे बघतोस ते पाव मैलाचे नाहीतच. पाव मैल म्हणजे १३२० फूट, पण जून २००८ मध्ये न्यू जर्सीतल्या इंग्लिशटाउनला स्कॉट कॅलिटा हा ड्रायव्हर अपघातात गेला आणि त्यानंतर टॉप फ्युएल आणि फनी कार या दोन्ही वर्गांचं अंतर १००० फुटांवर आणलं. म्हणजे जुने सेकंद आणि नवे सेकंद शेजारी ठेवताच येत नाहीत.

आता धूर. जुन्या गाडीत गिअरबॉक्स नसायचाच म्हटलं तरी चालेल, इंजिन, क्लच आणि तिथून थेट मागचा एक्सल. क्लच सोडला की तो घट्ट चिकटायचा, म्हणजे इंजिनाची सगळी ताकद त्याच क्षणी टायरवर. आणि टायर त्या ताकदीच्या मानाने अरुंद आणि कडक. मग घसरायचं कोणी? टायरने. तो जो पाव मैलाचा धूर तू बघतोस ना, ते म्हणजे टायरच क्लचचं काम करतायत. ड्रायव्हर पायाने थ्रॉटल कमीजास्त करून ते घसरणं सांभाळायचा, जास्त दिलं तर गाडी जागेवर धूर काढत बसणार आणि कमी दिलं तर शेजारचा पुढे निघून जाणार. पुढे साठच्या दशकाच्या उत्तरार्धात टायर रुंद आणि मऊ झाले आणि लोकांनी क्लचच असा बनवला की तो आधी थोडा घसरेल आणि मग हळूहळू पकडेल. घसरण टायरमधून क्लचमध्ये गेली, तिकडे धूर संपला आणि इकडे वेळ कमी झाली.

व्हिडिओत एक्झॉस्टचे पाइप बघ. जुन्या गाडीत ते खाली जमिनीकडे वळलेले दिसतील, नंतरच्या गाडीत वर आणि मागे. ते दिसायला बरं म्हणून नाही केलेलं, त्या वर मारलेल्या झोतामुळे धूर आणि टायरचा उडणारा रबर ड्रायव्हरच्या समोरून बाजूला व्हायचा.

मागे बसण्याचं कारण साधं वजनाचं आहे. ड्रायव्हर एक्सलच्या मागे बसला की तरफेसारखं होतं, त्याचं वजन मागच्या टायरवर जास्तच दाबून पडतं, टायरला पकड मिळते. अशा गाडीला स्लिंगशॉट म्हणायचे, बेचकीतल्या दगडासारखा माणूस सगळ्यात मागे. १९५४ च्या सुमारास मिकी थॉम्पसनने ही रचना आणली असं मानतात. पण किंमत बघ, ड्रायव्हरचे पाय एक्सलच्या दोन्ही बाजूंनी पुढे, दोन गुडघ्यांच्या मध्ये डिफरन्शियल, आणि पावलांपाशी क्लच. समोर इंजिन, त्यावर ब्लोअर, म्हणजे इंजिनात हवा कोंबणारा पंप, जो मुळात ट्रक आणि बसच्या टू-स्ट्रोक डिझेल इंजिनासाठी बनवलेला होता आणि या पोरांनी उचलून रेसिंगच्या इंजिनावर बसवला. त्यातलं काहीही फुटलं तर ते तेल, ते धातूचे तुकडे आणि ती आग जाणार कुठे? वाऱ्याबरोबर सरळ तोंडावर.

---

सावली

वरच्या प्रतिसादाला अनुमोदन, आणि इंजिन मागे का गेलं ते मी सांगते कारण ही गोष्ट माझ्या फार जवळची आहे.

फ्लोरिडातला डॉन गार्लिट्स, त्याला सगळे बिग डॅडी म्हणायचे, त्याच्या प्रत्येक गाडीचं नाव स्वॉम्प रॅट आणि पुढे नंबर. ८ मार्च १९७० ला तो कॅलिफोर्नियातल्या लायन्स ड्रॅग स्ट्रिपवर फायनलला उभा होता, गाडी स्वॉम्प रॅट १३. गाडीत नवीन टू-स्पीड ट्रान्समिशन बसवलेलं. क्लच सोडला आणि ट्रान्समिशन त्याच्या पायांमध्येच फुटलं, गाडीचे अक्षरशः दोन तुकडे झाले आणि उजव्या पावलाचा पुढचा भाग गेला. प्रेक्षकांतल्या एका तरुण मुलाच्या हातालाही भयंकर इजा झाली, हे लोक सांगायला विसरतात म्हणून मुद्दाम लिहिते.

दवाखान्यात पडल्या पडल्या त्याने नवीन गाडीचा विचार सुरू केला, इंजिन मागे आणि माणूस पुढे. कल्पना त्याची पहिली नव्हती, आधी बऱ्याच जणांनी करून बघितलं होतं, पण अशी गाडी सरळच जायची नाही, डावीउजवीकडे झोकांड्या खायची आणि लोक नाद सोडून द्यायचे. याच्या गाडीचंही आधी तेच झालं. मग उत्तर सापडलं ते केवढंसं! स्टिअरिंग संथ करायचं. माणूस पुढे बसला की त्याला गाडीचा मागचा भाग सरकतोय हे उशिरा कळतं, मग तो घाबरून जास्त चाक फिरवतो आणि गाडी आणखी बिघडते. चाक बरंच फिरवलं तरी पुढची चाकं थोडीशीच वळतील असं करून टाकल्यावर गाडी सुतासारखी सरळ जायला लागली. तो स्वॉम्प रॅट १४. १९७१ च्या सुरुवातीला पोमोनाला विंटरनॅशनल्स ही मोठी स्पर्धा जिंकून दाखवली, म्हणजे अपघाताला वर्षही झालेलं नव्हतं. त्यानंतर दोनेक वर्षांत पुढे इंजिन असलेल्या गाड्या मोठ्या स्पर्धांमधून जवळजवळ दिसेनाशाच झाल्या.

सगळे एवढ्या झटपट कसे बदलले विचारलंस ना, तर माझ्या मते नुसतं सुरक्षित आहे म्हणून रेसर बदलत नाहीत. सुरक्षित गाडी *जिंकली* म्हणून बदलले.

ऑकालाला गार्लिट्सचं म्युझियम आहे, तिथे मी एक अख्खा दिवस काढला होता. एका पुढे इंजिन असलेल्या ड्रॅगस्टरच्या बाजूला वाकून मी आत बघत राहिले. आसन म्हणजे पत्र्याचा वाकवलेला तुकडा. दोन बाजूंना दोन पेडल आणि मधोमध तो डिफरन्शियलचा गोळा, एवढा जवळ की पाय ठेवला तर मांडी त्याला लागणारच. पेडलवरचं जाळीदार नक्षीकाम बुटाच्या टाचेने घासून एका बाजूला गुळगुळीत झालं होतं. तिथून हलवेचना मला. इतक्या वेळा कोणीतरी तिथे पाय ठेवला होता, समोर काय फुटू शकतं हे माहीत असून.

---

निखळ

बापरे. पाना_पक्कड आणि सावली, दोघांचे मनापासून आभार, टायर क्लचचं काम करतो हे वाचून पुन्हा ती क्लिप बघितली आणि आता ड्रायव्हर थ्रॉटलशी खेळतोय ते आवाजात स्पष्ट ऐकू येतंय.

अजून एक विचारतो. ताशी २०० मैल पहिल्यांदा कोणी गाठले? एका ठिकाणी गार्लिट्स १९६४ लिहिलंय आणि दुसरीकडे कोणीतरी १९६० म्हणतंय, आणि खाली लोक हातघाईवर आलेत.

---

चौथा_गिअर

हा वाद साठ वर्षं चाललाय आणि अजून मिटलेला नाही, पण मी एक हिशेब करून बघितला तो इथे देतो.

एप्रिल १९६० मध्ये इलिनॉयमधल्या ऑल्टनला क्रिस कॅरमसीनीज, ज्याला सगळे द ग्रीक म्हणायचे, त्याला घड्याळाने २०४.५४ दाखवलं. बाकी सगळे तेव्हा १८० च्या आसपास खेळत होते त्यामुळे बऱ्याच जणांनी मानलं नाही. मग ऑगस्ट १९६४ मध्ये न्यू जर्सीतल्या ग्रेट मेडोला गार्लिट्सने २०१.३४ नोंदवले आणि अधिकृत मान त्याला मिळाला.

आता वेग मोजायचे कसे ते बघा. शेवटच्या रेषेच्या ६६ फूट आधी एक किरण आणि ६६ फूट पुढे एक, मधलं अंतर १३२ फूट, ते किती वेळात कापलं त्यावरून सरासरी. २०४.५४ म्हणजे सेकंदाला बरोबर ३०० फूट, म्हणजे १३२ फूट ०.४४ सेकंदात. आणि २०१.३४ काढलं तर येतं ०.४४७ सेकंद. फरक किती? सेकंदाच्या हजार भागांतले फक्त सात! आणि घड्याळ जर एक शतांश सेकंद चुकलं तर या वेगाला साडेचार मैलांचा फरक पडतो. म्हणजे २०० दिसले तर ते खरे १९६ पण असू शकतात आणि २०४ पण.

माझं मत विचाराल तर, ग्रीक खोटं बोलला असं मला बिलकुल वाटत नाही, त्याने गाडी पळवली आणि घड्याळाने जे दाखवलं ते दाखवलं. पण एकदाच आलेला आणि आजूबाजूच्या कशाशीच न जुळणारा आकडा विक्रम म्हणून धरता येत नाही, त्यामुळे अधिकृत मान गार्लिट्सला गेला ते योग्य. मात्र ग्रीकबद्दल मला प्रचंड आदर आहे, हा ऐंशी ओलांडल्यावरसुद्धा टॉप फ्युएल चालवत होता, ऐंशी!

गार्लिट्सलाही हे सगळं सोसावं लागलंय बरं का. १९५७ मध्ये त्याने फ्लोरिडात १७६ चा आकडा काढला तेव्हा कॅलिफोर्नियावाले म्हणाले तिकडची घड्याळंच खोटी. मग १९५९ मध्ये तो गाडी टो करत देश ओलांडून कॅलिफोर्नियातल्या बेकर्सफील्डला आला, हरला, लोकांनी खिजवलं, आणि नंतर परत येऊन तिथेच जिंकला. तेव्हा कोणी मान द्यायचा तर तो असा देश ओलांडून, समोरासमोर मिळवावा लागायचा.

बेकर्सफील्डचं महत्त्व त्या वेळी आणखी एका कारणाने होतं. नॅशनल हॉट रॉड असोसिएशनने, म्हणजे १९५१ मध्ये वॉली पार्क्सने स्थापन केलेल्या संस्थेने, १९५७ मध्ये नायट्रोमिथेन, म्हणजे नायट्रो, या रेसिंगच्या जहाल इंधनावर बंदी घातली, त्यांच्या स्पर्धेत फक्त पेट्रोल. १९६३ ला ती उठायला सुरुवात झाली. मधल्या काळात, १९५९ पासून, नायट्रोवाल्यांना जत्रा म्हणजे बेकर्सफील्डची मार्च मीट. नायट्रो काय चीज आहे ते एका आकड्यात कळेल: एक किलो पेट्रोल जाळायला साधारण १४.७ किलो हवा लागते, नायट्रोला फक्त १.७, कारण ऑक्सिजन तो स्वतःच घेऊन येतो. म्हणजे तेवढ्याच सिलिंडरमध्ये कितीतरी पट जास्त इंधन ओतता येतं.

---

जुनी_फिल्म

सगळे प्रतिसाद आवडले पण निखळने विचारलेल्या शेवटच्या प्रश्नावर मला थोडं वेगळं म्हणायचंय. खरं रेसिंग तेच होतं हे मला सरसकट पटत नाही. चांगलं बरंच होतं पण त्या काळाला आपण आज धुराच्या पडद्यातून बघतो.

शर्ली मल्डाउनीचंच बघा. सुरुवातीला वरच्या वर्गांची दारंच बायकांना बंद होती. फनी कार चालवताना आगीत सापडली, ते सोडून टॉप फ्युएलकडे वळली, तिथे परवाना मिळवणारी पहिली बाई. त्या परवान्यावर सही करणाऱ्यांत गार्लिट्सही होता, जो नंतर ट्रॅकवर तिचा कट्टर प्रतिस्पर्धी झाला. १९७७, १९८० आणि १९८२, तीनदा टॉप फ्युएलची विजेती, आणि तीन विजेतेपदं तोपर्यंत कोणालाच, पुरुषांपैकीही कोणाला, मिळाली नव्हती. १९८४ मध्ये मॉन्ट्रिअलजवळच्या सानएअरला पुढच्या टायरमुळे गाडी उधळली, दोन्ही पाय चिरडले. १९८६ मध्ये परत आली. तो काळ सोनेरी म्हणायचा असेल तर असल्या माणसांमुळे म्हणूया, प्रत्येक पायरीवर त्यांना अडवणाऱ्या नियमांमुळे नको.

दुसरं म्हणजे स्नेक आणि मंगूस. डॉन प्रूडोम आणि टॉम मॅक्यूएन, १९७० पासून खेळण्यातल्या गाड्या बनवणाऱ्या मॅटेल कंपनीच्या हॉट व्हील्सचं प्रायोजकत्व, एक पिवळी गाडी एक लाल. लोक म्हणतात पैसा आला आणि खेळ बिघडला. मला उलट वाटतं, त्या दोन छोट्या खेळण्यांमुळे किती घरांत हा खेळ पहिल्यांदा पोचला. आणि त्यांचं नातं जाहिरातीपुरतं नव्हतं हे कळतं ते १९७८ च्या इंडियानापोलिसला. मॅक्यूएनचा लहान मुलगा ल्युकेमियाने काही दिवसांपूर्वीच गेलेला. तरी तो आला, आणि फायनलला समोर कोण तर प्रूडोम, जो त्याच्या आधी सलग तीन वर्षं फनी कारचा विजेता होता आणि त्या वर्षीही झालाच. मॅक्यूएन जिंकला. रेस संपल्यावर प्रूडोमही रडला. मी ते फुटेज आजवर एकदाच पूर्ण बघू शकले आहे.

हां, एक गोष्ट मात्र गेली ती गेलीच, आणि तिथे मीही हळहळते. ट्रॅक. लायन्स, जिथे गार्लिट्सचा अपघात झाला, ते लाँग बीच बंदराच्या शेजारी, समुद्रसपाटीला, त्यामुळे हवा दाट आणि गाड्या तिथे वेगळ्याच पळायच्या. १९५५ ला लायन्स क्लबच्या मदतीने सुरू झालं, म्हणून ते नाव, मूळ हेतू काय तर पोरांनी रस्त्यावर शर्यती लावू नयेत. डिसेंबर १९७२ मध्ये बंद, आवाजाच्या तक्रारी आणि बंदराला जागा हवी. ऑरेंज काउंटीचं १९८३ ला गेलं. इंग्लिशटाउनने २०१८ मध्ये ड्रॅग रेसिंग बंद केलं. इंजिन पुन्हा बांधता येतं, तसा ट्रॅक पुन्हा बांधता येत नाही.

---

पाना_पक्कड

जुनी_फिल्म, तुमचं म्हणणं मान्य. धुराच्या पडद्यातून बघतो हे अगदीच खरं. फक्त एक गोष्ट जोडतो, कारण ती मी कानाने ऐकलीय.

कामानिमित्त कॅलिफोर्नियात होतो तेव्हा ऑक्टोबरमध्ये बेकर्सफील्डजवळच्या फमोसोला हॉट रॉड रीयुनियनला गेलो. तिथे संध्याकाळी कॅकलफेस्ट म्हणून प्रकार असतो, जुने पुढे इंजिन असलेले ड्रॅगस्टर, काही मूळचे काही नव्याने बांधलेले, ओळीने आणतात आणि सुरू करतात. शर्यत नाही, नुसते सुरू करतात. या गाड्यांना स्टार्टर नसतो, मागून एक ट्रक किंवा जुनी स्टेशन वॅगन ढकलत आणते. मी कठड्याला टेकून उभा होतो. एक गाडी माझ्यासमोरून ढकलत नेली, आत सत्तरीच्या पुढचे एक आजोबा, तोच जुना चंदेरी फायरसूट घातलेला आणि नाकातोंडावर मास्क. ढकलणाऱ्या ट्रकमध्ये त्यांच्याच वयाचे दुसरे. आजोबांची नजर ऑइल प्रेशरच्या काट्यावर, काटा वर चढेपर्यंत थांबले, मग हात खाली गेला आणि मॅग्नेटो, म्हणजे इंजिनाला ठिणगी देणारं यंत्र, चालू केला.

पहिले दोन सेकंद नुसता फटफट फटफट, एकेक सिलिंडर जागा होतोय असं. आणि मग सगळे एकदम. आवाज कानात येतच नाही रे, छातीच्या पिंजऱ्यात येतो, शर्टाची बटणं थरथरलेली मला जाणवली. मग नायट्रोचा वास आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी, माझ्या शेजारी एक बाई डोळे पुसत होत्या आणि नायट्रोमुळे की कशामुळे ते सांगता येणार नाही. अंधार पडत आला तशा प्रत्येक पाइपातून ज्वाळा दिसायला लागल्या, आधी दिसत नव्हत्या, पण होत्याच.

आजच्या गाडीत संगणक माहिती गोळा करतो, टायमरवर क्लच पकडतो, ड्रायव्हर प्रचंड कुशल असतो यात वादच नाही, आणि तो जिवंत घरी जातो ही त्याहून मोठी गोष्ट, मी आजच्या गाड्यांच्या विरोधात अजिबात नाही. पण त्या जुन्या गाडीत काय चाललंय ते कठड्यावर उभं राहून *दिसतं*. इंधन कुठून जातं, क्लच कुठे आहे, माणूस कुठे बघतोय, सगळं उघडं. दोन मित्रांनी गॅरेजमध्ये वेल्डिंग करून बनवलेली वस्तू आहे हे कळतं. निखळ, तू विचारलंस तथ्य आहे का, तर माझ्यापुरतं तथ्य हे आहे.

---

चौथा_गिअर

पाना_पक्कड, +१. ज्वाळांचं वाचून काटा आला अंगावर.

निखळ, तुझ्या क्लिपमध्ये झेंडेवाला आहे म्हणजे ती बहुधा १९६३ च्या आसपासची किंवा त्याआधीची असावी. त्या वर्षीच्या नॅशनल्स या मोठ्या स्पर्धेला झेंड्याऐवजी दिव्यांचा ख्रिसमस ट्री पहिल्यांदा आला, वरून खाली पाच पिवळे दिवे अर्ध्या अर्ध्या सेकंदाने आणि मग हिरवा. काही छोट्या ट्रॅकवर झेंडा त्यानंतरही राहिला, त्यामुळे नक्की वर्ष पाहिजे असेल तर पाइप खाली वळलेत की वर ते बघ.

---

निखळ

पाइप खाली वळलेले आहेत!! आत्ताच थांबवून थांबवून बघितलं.

आणि अजून एक दिसलं जे आधी पंधरा वेळा बघूनही दिसलं नव्हतं. झेंडेवाला अजून उभाच आहे, इंजिन चालू आहे, आणि ड्रायव्हर डावा हात वर आणून हातमोज्याच्या मागच्या बाजूने गॉगलची काच पुसतो, एकदा, आणि परत चाकावर हात ठेवतो. इंजिनातून उडणारं तेल असणार ते. पाव मैल धुरात जायचंय, समोर ब्लोअर आहे, तरी तेवढी काच पुसून घेतली.

सावली, ऑकालाच्या म्युझियमला किती वेळ हाताशी ठेवावा? आणि पाना_पक्कड, फमोसोला कॅकलफेस्ट बघायला कठड्याच्या कोणत्या बाजूला उभं राहायचं ते सविस्तर सांग, आजपासून पैसे साठवायला घेतोय.

---

पाना_पक्कड

जिथे ढकलगाड्या वळतात त्या टोकाला जा, मधे गर्दी फार असते. आणि कानात बोळे नेशील ते घाल, पण पहिली गाडी सुरू होताना दोन सेकंद काढून ठेव.